पाठकोरा

जानेवारीत दुपारी गिऱ्हाईक कमी.
अशोक चौकाकडून ती सायकल ढकलत आली,
चेन पडलेली, हात काळे,
म्हणून फॉर्म तिने कोपराने पुढे सरकवला.
"टाईप करून द्या की ओ काका. सोमवारी गाडी आहे, भोपाळची."

रेवणसिद्ध झेरॉक्समध्ये सतरा तऱ्हेचे फॉर्म भरलेत मी,
रेशनचे, डोमिसाईलचे, नॉन-क्रिमीलेअरचे.
त्यांना कागद हवा असतो.
एनडीएचा हा फॉर्म माणूस मागतो.
उंची, वजन. वडील काय करतात, आई काय करते,
भावंडांत तू कितवी.
मग दहावी, अकरावी, बारावी,
आणि खाली लांबट चौकोन:
खेळ, छंद, जबाबदारीची पदं.

गुर्रम प्रवालिका. आडनाव आधी, तिनेच बजावलं.
वडील टॉवेलच्या लूमवर, आई विड्या वळते.
दहावी एक्याण्णव. अकरावी चौऱ्याऐंशी.
बारावी: परीक्षा देणार.
"सहामाही विचारतील," मी म्हटलं. "किती?"
"अडुसष्ट."
"का, म्हणतील."
ती आधी म्हणाली, आजारी होते.
मग म्हणाली, एनसीसीचा कॅम्प होता.
मग बोटांचं ग्रीस पुसत पुसत,
"इंटिग्रेशन आवडलं ओ. तेवढंच करत बसले.
केमिस्ट्री उघडलीच नाही."
हेच सांग, म्हटलं.

मला कुणी 'का' विचारलं नव्हतं.
दोस्त आर्ट्सला गेले, मीही गेलो,
दुपार मोकळी मिळायची.
विमानाला फिजिक्स लागतं हे कळलं तेव्हा
बारावीचा निकाल हातात होता.
आर्मी उघडी होती. मला विमानच हवं होतं.
अजून होटगी रोडला एखादं उतरलं
की मशीनवरचा हात थांबतो
आणि एक पान काळं जातं.

खेळ: कबड्डी, जिल्हा, दुसरा क्रमांक.
सर्टिफिकेट मीच लॅमिनेट केलेलं, एका कोपऱ्यात बुडबुडा राहिलाय.
जबाबदारीची पदं?
"नाहीत."

नाहीत कशी.
आधारची कॉपी काढायला येतात तेव्हा
तिच्या गल्लीतल्या बाया बोलतात.
विडीच्या ब्रँचवर छाटवाला
हजारातल्या शंभर बाजूला फेकायचा.
एका शनिवारी ही आईबरोबर गेली,
फेकलेल्या गोळा केल्या, त्याच्यासमोर मांडल्या,
एकेक उचलून विचारलं,
पान फाटलंय? दोरा सुटलाय?
एकोणीस निघाल्या खराब.
तेव्हापासून अकरा घरांचा हिशेब
हिच्या फिजिक्सच्या वहीत, मागच्या बाजूने.

मी टाईप केलं:
अकरा विडी कामगार महिलांचा हिशेब, दोन वर्षं.
आणि बटण दाबलं.
ती स्क्रीनकडे बघत राहिली.
"ह्याचं सर्टिफिकेट कुठून आणू?"
ह्याला लागत नाही.
"आणि सायबांनी विचारल्यावर मला रडू आलं तर?"

ह्यावर काय बोलायचं.
टेबलफॅनने कागद उडत होते, त्यावर मी स्टेपलर ठेवला.

"काढा ते काका."
काढलं.

दुसरी प्रिंट घेताना तिनेच तारखा मोजल्या:
पाच दिवस तिथे, निवड झाली तर मेडिकलचे आणखी,
आणि एक तारखेला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल.
"सर म्हणाले, नंतर घेतात वेगळं.
घेतात ना?"
घेतात, मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं.
"कारण बारावी गेली तर भोपाळ झालं तरी झालं नाही."
मग तिने खाली बसून चेन बसवली,
पायडल हाताने दोनदा उलटं फिरवून पाहिलं.

पहिली प्रिंट पाठकोऱ्या कागदांत गेली.
रात्री तिच्याच मागे दिवसाचा मेळ लिहिला:
कॉपी दोनशे चौदा, लॅमिनेशन तीन, खराब सात.
गुर्रम, दहा रुपये बाकी.
आल्यावर देते म्हणाली.